दहावीनंतरची दुबई : मामाचा तो फ्लॅट नेमका कुणाचा होता?

शहापूरची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबड लागणार आहे, आधीच सांगते.

२००० साली माझी दहावी झाली, बेळगावात, मराठी माध्यमातून. पेपर संपले आणि मे महिन्यात मी दुबईला गेले. मामा तिथे होता. मामी, दुसरीतला मामेभाऊ आणि मी, असे तिघे महिनाभरासाठी. आमच्या, बेळगावच्या शहापुरातल्या गल्लीतून तोवर कुठली मुलगी परदेशी गेली नव्हती. पासपोर्ट बेंगळूरहून आला तेव्हा तो बघायला शेजारच्या काकू हात पुसत आल्या होत्या.

मामा आधी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, टर्नर होता. १९९५ ला एजंटाला पैसे भरून दुबईला गेला, एसीचे डक्ट बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये. एजंटाचे पैसे माझ्या वडिलांनी दिले होते, उसने. हे वडील कधी विसरले नाहीत आणि कुणाला विसरूही दिलं नाही.

मामाची पत्रं कमी यायची, कॅसेटी जास्त. टू-इन-वनमध्ये घालून सगळं घर ऐकत बसायचं. आम्ही निघण्याआधीच्या कॅसेटमध्ये त्याने सांगितलेलं मला अजून पाठ आहे : कुंदा आणा, काजू आणा, पण अनारसे अजिबात नकोत आणि गोकाकचं करदंटही नको, त्यात खसखस असते, इथे खसखशीवरून आत टाकतात. मामीने मसाल्याचा डबासुद्धा तीनदा चाळला. व्हिजाची मूळ प्रत दुबई विमानतळावर जमा, आमच्या हातात फॅक्सवर आलेली पुसट झेरॉक्स. ती मामीने ब्लाउजात ठेवली होती.

मामा कडक इस्त्रीचा शर्ट घालून न्यायला आला. दुबईतल्या करामा भागातला फ्लॅट : दोन खोल्या, हॉल, लिफ्ट, तिन्हीकडे एसी. मी तर खुळावलेच. बेळगावात तेव्हा एसी बघायचा तर बँकेत जायचं.

बाकी दुबई सगळ्यांनी बघितली असेल, मी पाल्हाळ लावत नाही. अब्रात, म्हणजे तिथल्या होडीत, बसून खाडी ओलांडली, ५० फिल्स (अर्धा दिरहॅम) तिकीट. बुर्ज अल अरब आदल्या डिसेंबरातच उघडलं होतं, ते वाळूत उभं राहून लांबून बघितलं. देरा सिटी सेंटरमध्ये सरकत्या जिन्यावर मामी चढायलाच तयार नव्हती. हे सगळं शुक्रवारी, कारण मामाला तेवढीच सुट्टी. एरवी तो पहाटे जायचा आणि रात्री जेवायला यायचा. दिवसभर आम्ही तिघं दार आतून लावून घरात. नियम दोनच : बेल वाजली तर उघडायचं नाही, आणि आतल्या खोलीतल्या कपाटाला हात लावायचा नाही.

परत आल्यावर पीयूसीच्या पहिल्या वर्षी (म्हणजे अकरावीला) मी वर्षभर ह्यावर जगले. वडील पेपर वाचत वाचत ऐकायचे. एकदाच म्हणाले, "म्हणजे बरं चाललंय त्याचं."

आता खरी गोष्ट. २०१२ ला नवऱ्याची बदली दुबईला झाली आणि मी पुन्हा तिथे गेले. माझा फॅमिली व्हिजा काढताना कळलं की बायकोला आणायला नवऱ्याचा पगार किमान ४००० दिरहॅम लागतो, कंपनीचं घर असेल तर ३०००. शिवाय घराचा करार दाखवावा लागतो. मी तिथे खुर्चीत बसूनच मनात हिशेब मांडला. मामीला येणारा ड्राफ्ट बँकेत भरायची स्लिप मीच लिहून द्यायचे, त्यामुळे रक्कम माहीत होती. तेव्हा दिरहॅम बारा रुपयांच्या आत-बाहेर. कसंही ओढलं-ताणलं तरी त्या पगाराचा माणूस करामात दोन खोल्यांत एकटा राहूच शकत नाही.

आणि मग एकेक आठवायला लागलं. पहिल्या रात्री मामाला हॉलचा दिवा लावता येईना. चार बटणं दाबली, पंखा लागला, बाथरूम उजळलं, हॉल अंधारातच. भिंतीवर मल्याळी कॅलेंडर होतं. मी विचारलं तर म्हणाला, इथे हेच मिळतं. डब्यात जाड तांबूस तांदूळ, मामी तो बाजूला सारून आपला आणलेला शिजवायची. एका शुक्रवारी मामाचा मल्याळी मित्र जेवायला आला, जेवण झाल्यावर चहा त्यानेच केला, आणि साखर कुठे आहे ते कुणाला विचारलं नाही. मला वाटलं, किती घरचा झालाय माणूस.

घरचाच होता. घर त्याचं होतं.

मामा मला दुबई दाखवायला घेऊन गेला असं मी बारा वर्षं समजत होते. आता वाटतं, मी साक्षीदार होते. घरी जाऊन माझ्या वडिलांसमोर फ्लॅट, लिफ्ट, एसी यांचं वर्णन करायला सोळा वर्षांची बडबडी भाची लागत होती, आणि मी ते काम चोख केलं.

मामा २००९ ला परत आला, तिकडे मंदीत कामं बंद पडली तेव्हा. आता टिळकवाडीत असतो, पुढच्या महिन्यात पंच्याहत्तरी आहे. प्रश्न असा की त्याला हे विचारावं का? मामीला विचारावं का? आणि तुमच्यापैकी कुणाच्या लहानपणच्या परदेशवारीचं असं काही नंतर उलगडलंय का?

घटप्रभेकाठचा

साखरेच्या डब्याशी थांबलो. फार छान लिहिलंय. विचारू नका असं माझं मत. पंच्याहत्तराव्या वर्षी माणसाला उलटतपासणीला उभं करायचं कशाला?

खानापूरकर

ताई, मी १९९३ ते २००७ तिकडं काढली. आधी शारजा, मग दुबई. इलेक्ट्रिशियन. त्यामुळं जरा अधिकारानं बोलतो.

तुमच्या मामांनी काही जगावेगळं केलं नाही की ओ. आमच्यात हे सर्रास. कोण गावाकडं सुट्टीला निघाला की चावी मित्राकडं. वीज-पाण्याचं बिल तुम्ही भरायचं, कुंड्या असतील तर पाणी घालायचं, जाताना फ्रीज पुसून द्यायचा. बॅचलर माणूस राहतो कुठं? बेड स्पेस. एका खोलीत दोन मजली खाटा, खाटेखाली बॅग, खाटेला पडदा. तो पडदा ओढला की तेवढं तुमचं घर. शुक्रवारी सकाळी कपडे धुवायला बाथरूमला लाईन. दुपारी बिर्याणी नाहीतर खुबूस (तिकडची रोटी) आणि डाळ. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, तुमच्याकडं फक्त लेबर कार्ड.

व्हिजाचं म्हणाल तर तेव्हा ट्रॅव्हलवाले, हॉटेलवाले पैसे घेऊन व्हिजिट व्हिजा स्पॉन्सर करायचे. त्याला पगार बघत नव्हते. मामांनी तसाच काढला असणार, आणि तीन माणसांचा म्हणजे चांगलीच चाट बसली असणार. मे महिन्यात मामांनी एसी किती वेळ लावू दिला ते आठवा बघू.

एक शंका मात्र आहे. तिकडच्या भारतीय शाळांना मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टला. मल्याळी फॅमिली मे महिन्यात फ्लॅट सोडून गावाला कशी? बायको बाळंतपणाला गेली असेल एकवेळ. पण मग नवरा कुठं होता महिनाभर? तो तर चहा करायला येत होता म्हणता.

शहापूरची

@खानापूरकर, एसीचं अगदी बरोबर ओळखलंत! रात्री सगळ्यांनी एकाच खोलीत झोपायचं आणि तिथलाच एसी, तोही बाराला बंद. दिवसा पंखा. आयुष्यभर एसीचे डक्ट बनवणारा माणूस एसीला इतका का टरकतो, म्हणून मी आणि मामेभाऊ हसायचो.

नवरा कुठे होता हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

तिरकस

लेख वाचनीय आहे, पण मला एक गोष्ट खटकली. बाईंची सगळी करुणा मामांच्या प्रतिष्ठेभोवती फिरते. दुबईत लाखो मजूर उन्हात होरपळत होते, त्यांचे पासपोर्ट मालकाच्या ताब्यात होते, ते मात्र "लांबून बघितलेल्या" बुर्जच्या पार्श्वभूमीलाच राहिले. सोळाव्या वर्षी दिसलं नाही हे मान्य. २०१२ ला तुम्ही स्वतः तिथे राहायला गेलात. तेव्हा मामा राहत होते ती जागा बघायला गेलात का?

शहापूरची

@तिरकस, नाही गेले. मामाचं वर्कशॉप अल कूझला होतं एवढं माहीत होतं. अल कूझला मी गेले ती सोफा घ्यायला, तिथे फर्निचरची गोदामं आहेत. कामगारांच्या बसेस सिग्नलला शेजारी उभ्या राहायच्या. खिडक्यांना जाळी, आत डोकी काचेला टेकून झोपलेली. मी बघायचे, सिग्नल सुटायचा. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं, याहून जास्त काही नाही.

निपाणीवाला

माझी परदेशवारी नेपाळची. हसू नका, परदेश तो परदेशच.

२००१ चा जून. मी नववीत जाणार होतो, शाळा सुरू झाली तरी आमची काशी–पशुपतिनाथ यात्रेची बस फिरतच होती. आजी-आजोबा, आई, आत्या, आचारी, स्टो, पोह्यांची पोती, सगळं बसमध्ये. सोनौलीला परदेश लागतो म्हणून मी पाटी बघायला खिडकीशी बसलो आणि नेमकी झोप लागली.

काठमांडूत पोचलो तर दुकानं बंद. आम्हाला धर्मशाळेतून बाहेर सोडेनात. आचाऱ्याने आहे त्यातच पिठलं-भात केला. खिडकीतून मी आणि चुलतभाऊ रस्ता बघत बसलो होतो, तर जो दिसेल त्याचं डोकं तुळतुळीत! पोलिसाचं, दुकानदाराचं, सायकलवाल्याचं. एका कोपऱ्यावर न्हावी रांगेनं माणसं बसवून भादरत होता. आत्याला विचारलं तर म्हणाली, इकडे जून महिन्यात सगळे मुंडण करतात, पद्धत आहे. आम्ही आपले टकली मोजायचा खेळ खेळलो. चुलतभाऊ जिंकला.

दर्शन धावतपळत झालं आणि बस माघारी. आजोबा जन्मात कधी घाबरलेले बघितले नव्हते, ते ड्रायव्हरला "हाण, हाण" म्हणत होते. त्याचीसुद्धा आम्हाला गंमत वाटली.

१ जूनच्या रात्री राजवाड्यात राजे वीरेंद्र, राणी आणि घरातली माणसं मारली गेली होती. शहरात संचारबंदी होती आणि पुरुषांनी राजाचं सुतक म्हणून मुंडण केलं होतं. मला हे कळलं इंजिनियरिंगला, होस्टेलवर, नेपाळी रूममेट आपल्या वडिलांबद्दल बोलता बोलता सांगायला लागला तेव्हा. त्याचे वडील रडत रडत न्हाव्याकडे गेले होते. मी त्याला आमच्या मोजायच्या खेळाबद्दल काही बोललो नाही.

पण आत्याचा मला राग नाही. दहा-बारा पोरं घेऊन अडकलेल्या बाईने दुसरं काय सांगायचं?

हिडकलडॅम

निपाणीवाले, शहारा आला.

बाकी धाग्यात सगळीकडे "बेळगाव" लिहिलंय. अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी आहे. माहितीसाठी.

चावडीवरचा

आणि तारीख पण कुठली निवडली बघा, १ नोव्हेंबर! आमचा काळा दिन. १९५६ पासून आम्ही तोंडाने बेळगाव म्हणतोय आणि म्हणणार. चंदगडला पाहुण्याकडे जेवायला गेलो तरी परराज्यात जाऊन येतो आम्ही, दुबईचं काय घेऊन बसलात.

हिडकलडॅम

मी नुसती माहिती दिली.

संपादक

सीमाप्रश्नाचे तीन धागे चालू आहेत, त्यातला एक २०११ पासून. हा विषय तिकडे न्यावा. इथे मामा.

अबोली

माझ्या आईची गोष्ट सांगते. ती पंच्याऐंशी उलटलेली आहे, माहेर खानापूरचं. १९५३ साली चौदा वर्षांची असताना ती मडगावला मावशीकडे गेली होती. म्हणजे पोर्तुगालात! लोंढ्याहून गाडी, कॅसलरॉकला आपल्या लोकांची तपासणी, घाट उतरून कुळ्याला पोर्तुगीजांची. टोपीवाल्याने ट्रंक उघडून तिचं परकर-पोलकं उलटंपालटं केलं, ह्याचा तिला अजून संताप आहे.

मावशीकडे तिचे खूप लाड झाले. येताना मावशीने नवं लांब बाह्यांचं पोलकं शिवून दिलं आणि दोन्ही हातांत घड्याळं बांधली. दोन्ही हातांत म्हणजे एकेक नव्हे, मनगटापासून कोपरापर्यंत. वर बाह्या. "खेळ आहे, कॅसलरॉक जाईपर्यंत कुणाला दाखवायचं नाही, दाखवलंस तर हरलीस." आई घाटभर हात मांडीवर ठेवून पुतळ्यासारखी बसली. आपल्या तपासनिसाने तिला खाऊ विचारला, नाव विचारलं, आणि गेला.

खानापूरला मामाने घड्याळं सोडून घेतली, शाबासकी दिली, आणि त्याच वर्षी मामाचं लग्न थाटात झालं. दोन्ही गोष्टींचा संबंध आईने लावला तो स्वतःच्या लग्नात, पैसा कमी पडत होता तेव्हा कुणीतरी हळहळलं की आता गोवा आपलं झालं, घड्याळंही गेली. म्हणजे १९६१ नंतर. तिला विचारलं की फसवल्यासारखं वाटलं का गं, तर म्हणते, "मला निदान एक ठेवून घ्यायला पाहिजे होतं."

शहापूरची, आमच्याकडे मुलींना सांभाळून नेलं म्हणतात त्यात बऱ्याचदा त्या मुलीकडून काहीतरी नेलेलंही असतं. तुमच्या बाबतीत ती बातमी होती, एवढाच फरक.

तिरकस

@अबोली, शेवटचं वाक्य आवडलं. पण मग मामा, मावशी, आत्या सगळ्यांना आपण माफ करत सुटलोय. अल्पवयीन मुलीच्या हाताला तस्करीचा माल बांधणं ह्याला आज आपण काय म्हणू? प्रेमाने केलं म्हणजे सगळं चालतं का?

खानापूरकर

तिरकसराव, तुम्ही कधी घरी फोन लावून "बरं आहे, एसी आहे, जेवण चांगलं आहे" असं सांगितलंय काय? मी चौदा वर्षं सांगितलंय. उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम बंद ठेवायचा नियम २००५ ला आला. त्याच्या आधीची आमची सगळी मे-जून-जुलै तशीच गेली. हे आईला फोनवर सांगू? आईनं काय केलं असतं, उपास धरले असते. माझ्या मुलीला तर अजून वाटतं बाबा ऑफिसात होता. वाटू दे की.

खोटं बोललो, व्हय. पण त्या खोट्याचा खर्च पण आम्हीच केला. गावी येताना टँग, निडो, ब्लँकेट, अत्तर, सगळं उधारीवर. परत जाऊन सहा महिने ते फेडायचं आणि पुन्हा "बरं आहे".

तिरकस

यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण मुलीला सांगा असं मला अजूनही वाटतं. ती केव्हातरी स्वतः हिशेब मांडेल, ह्या धाग्यावर मांडलाय तसा. त्यापेक्षा तुमच्याकडून ऐकलेलं बरं.

खानापूरकर

बघतो.

शहापूरची

अपडेट आहे. मामाला नाही विचारलं. काल मामा बँकेत गेलेला बघून मामीकडे गेले, आणि हो-नाही करत विषय काढला. मला वाटलं होतं मामी चपापेल, डोळ्याला पदर लावेल. ती शेवग्याच्या शेंगा सोलत होती, हात थांबलासुद्धा नाही.

"तुला आत्ता कळलं होय?" म्हणाली.

तिला सगळं आधीपासून माहीत होतं. फ्लॅट मामाच्या कंपनीतल्या स्टोअरकीपरचा. (खानापूरकर, तुम्हाला साष्टांग : त्याची बायको बाळंतपणाला माहेरीच गेली होती.) आणि तो स्वतः कुठे होता? तर मामाच्या खाटेवर. महिनाभर! आम्ही त्याच्या घरात, तो मामाच्या बेड स्पेसमध्ये. कंपनीत दोघंच जण वर्षानुवर्षं शेजारी जेवणारे, मामाने विचारलंही नव्हतं, त्यानेच चावी पुढे केली. शुक्रवारी जेवायला यायचा तो कपडे न्यायला यायचा. आतल्या खोलीतलं कपाट त्याचं. मामा त्याचे शर्ट आम्ही झोपल्यावर पिशवीत भरून ठेवायचा.

पुढचं तर मला स्वप्नातही आलं नसतं. मामीने निघायच्या आधीच कॅसेटमध्ये सांगून ठेवलं होतं की पोरांना काय दाखवायचं ते दाखवा, मला तुम्ही झोपता ती जागा बघायचीय. मामा टाळत राहिला. शेवटी एका शुक्रवारी मला आणि मामेभावाला शेजारच्या चेचीकडे (मल्याळी ताईकडे) बसवून ते दोघं गेले. ती दुपार मला लख्ख आठवते! चेचीने अप्पम दिले होते, टीव्हीवर कुठलातरी मल्याळी सिनेमा होता आणि आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं. मला सांगितलं होतं की मामीची दाढ दुखतेय, डॉक्टरकडे जाऊन येतो.

खोलीत आठ जण होते. बाई येणार म्हणून त्यांनी जमीन धुतली होती, दोरीवरचे कपडे काढले होते, खाटांवर सगळीकडे धुतलेल्या चादरी. कुणीतरी शिरा केला होता, त्यात साखर जास्त झाली होती. बाकीचे जिन्यात जाऊन उभे राहिले, बायकोला नीट बसता यावं म्हणून. मामी मामाच्या खाटेवर बसली तर तिथे उशाला स्टोअरकीपरच्या नव्या बाळाचा, नुकताच आलेला फोटो.

मी विचारलं, मग काय बोललात तुम्ही? म्हणाली, "काय बोलायचं? शिरा खाल्ला."

मी म्हटलं, निदान रडली तरी असशील. तर म्हणे, "रडायला वेळ कुठला, तुम्ही दोघं तिकडे शेजारी."

आता गोल्ड सूकचं. देऱ्यात त्यानंतरच्या शुक्रवारी आम्ही गेलो होतो. गल्लीभर पिवळंधमक, आणि मामी कशाला हात लावेना. मामा हट्टाने दुकानात नेतोय, ती बाहेर उभी. मला तेव्हा तिचा इतका राग आला होता, की इतक्या लांब येऊन तोंड फुगवून काय बसायचं. घरी येऊन मी आईजवळ तिची नक्कलसुद्धा केली होती. सोन्यासाठी ठेवलेले पैसे तिने मामाकडून रोख मागून घेतले आणि बेळगावात आल्यावर पिको-फॉलची दोन मशिनं घेतली. शहापुरात साड्यांना तोटा नाही, धंदा चालला. वडिलांचं एजंटाचं कर्ज त्या मशिनांतून फिटलं, ड्राफ्टमधून नव्हे. हे मला माहीतच नव्हतं. वडिलांना माहीत आहे का, विचारलं, तर मामी म्हणाली, "त्यांना पैसे मिळाल्याशी कारण."

म्हणजे माझी वरची थिअरी अर्धीच बरोबर निघाली. साक्षीदार मी होतेच, पण बघायला खरी मामी गेली होती, आणि तिने बघून त्यावर काहीतरी केलं. मी वर्णनं करत फिरले.

मामीची तक्रार एकच आहे, आणि तीही खोलीबद्दल नाही. वीजबिल भरलं ते भरलं, वर मामाने त्या स्टोअरकीपरच्या बाळाला सोन्याचं वळं केलं. "माझ्यासाठी घेतलं नाही ते त्याच्या पोराच्या हातात गेलं," म्हणते आणि हसते.

निपाणीवाला

आठ जण जिन्यात उभे राहिले हे वाचून उठून पाणी पिऊन आलो.

अबोली

"शिरा खाल्ला." मामींना माझा नमस्कार सांगा. आणि पिको-फॉलचं दुकान अजून चालू असेल तर पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझ्या तीन साड्या पडून आहेत.

खानापूरकर

स्वतःचं घर देऊन दुसऱ्याच्या खाटेवर महिना काढणारा माणूस! आम्ही सुट्टीवर गेलेल्याची चावी घेतली, पण असं कुणी केलेलं मी बघितलं नाही. खाट म्हणजे काय ते झोपलेल्यालाच माहीत. ताई, तो माणूस आता कुठं असतो? मामांचा संपर्क आहे काय?

शहापूरची

@खानापूरकर, आहे तर. त्रिशूरकडे असतो, निवृत्त. दर ओणमला फोन होतो, दोघंही मोडक्या हिंदीत ओरडत बोलतात. पंच्याहत्तरीला बोलावलंय, येणार आहे, मुलाला घेऊन. वळ्यावाला मुलगा आता पंचविशीचा आहे.

@अबोली, दुकान सुनेने चालवायला घेतलंय, व्यनि करते.

@घटप्रभेकाठचा, तुमचंच ऐकलं. मामाला काही विचारणार नाही. आमच्याकडे पंच्याहत्तरीला चार शब्द बोलायची पद्धत आहे, मामा बोलणार आणि त्यात करामाचा फ्लॅट येणार, लिफ्टसकट. माझे वडील पहिल्या रांगेत असतील. मी आणि मामी मागे बसून टाळ्या वाजवू. स्टोअरकीपरला मराठी येत नाही, ही एक सोय आहे.

तिरकस

त्यांच्या मुलाला येत असेल तर?

शहापूरची

आई गं. विचारून ठेवते.